विम्याच्या कागदाचा फेरफार

(वणी येथील विमेदारांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

वणी तालुक्यातील शेतकऱ्याला फेरफार म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. वडील वारले, भावाभावांत वाटणी झाली, शेताचा तुकडा विकला गेला किंवा खाणीसाठी संपादित झाला, की तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची. गाव नमुना सहामध्ये नोंद व्हावयाची. संबंधितांना नोटिसा जावयाच्या. आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, की सातबाऱ्यावर नवे नाव चढावयाचे, ही रीत येथे घराघरांत ठाऊक आहे. एखादी नोंद रखडली तर त्यासाठी तहसील कार्यालयाच्या दहा खेपा घालण्याची तयारी असते. परंतु जमिनीच्या कागदाबाबत एवढा दक्ष असणारा माणूस आयुर्विम्याच्या कागदाबाबत मात्र आश्चर्य वाटावे इतका निर्धास्त असतो. पॉलिसी घेताना ज्याचे नाव लिहिले गेले, तेच नाव वीस-पंचवीस वर्षे तसेच राहते. त्या मुदतीत विमेदाराचे लग्न झालेले असते, मुले झालेली असतात, आईवडिलांपैकी कोणी निवर्तलेले असते, बहीण सासरी गेलेली असते. घर बदललेले असते. कागद तेवढा जुनाच असतो.

निर्गुडेच्या काठावरील वणी हे पूर्वीपासून कापसाच्या बाजारपेठेचे गाव. राजूरच्या चुनाभट्ट्यांनी त्याला मजुरीचा आणखी एक आधार दिला. परंतु या परिसराचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते कोळशाने. १९७३ साली देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी अस्तित्वात आली आणि उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी अशी गावांची नावे खाणींची नावे म्हणून ओळखली जाऊ लागली. जमीन गेलेल्या अनेक घरांतील मुलाला त्याच खाणीत नोकरी मिळाली. शेतीच्या लहरी उत्पन्नावर जगलेल्या कुटुंबात महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला आणि पगारामागोमाग विमा प्रतिनिधीही दारी आला. यात वावगे काही नाही. विमा हा मासिक मिळकतीच्या माणसाचा मोठाच आधार आहे. साताऱ्यासारख्या ठिकाणी १९१३ साली वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी निघाली, तेव्हापासून महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला विम्याची ओळख आहे. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि ही सोय तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली.

मुद्दा निराळा आहे. पहिल्या पगारावर पॉलिसी घेणारा तरुण बहुधा अविवाहित असतो. प्रस्तावाच्या छापील अर्जात एक रकाना असतो: विमेदाराच्या मृत्यूनंतर रक्कम कोणास द्यावी? तरुण त्यात वडिलांचे नाव घालतो. त्या दिवशी ते सर्वथैव योग्यच असते. पाच वर्षांनी त्याचे लग्न होते. लग्नाची पत्रिका दूरच्या नात्यातल्या माणसांपर्यंत जाते. विमा कार्यालयात मात्र कोणी ती नेऊन देत नाही, आणि नेऊन दिली तरी तेवढ्याने काही घडत नाही. हप्ता पगारातून परस्पर कापला जात असतो. पॉलिसीचा कागद ट्रंकेत असतो. जे नाव लिहिले ते लिहिले.

कायदा काय म्हणतो

या बाबीचा मूळ कायदा म्हणजे १९३८ चा विमा अधिनियम. त्याच्या कलम ३९ अन्वये स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी घेणाऱ्यास, आपल्या मृत्यूनंतर रक्कम कोणास मिळावी, त्या एका किंवा अनेक व्यक्तींची नावे नमूद करता येतात. यालाच नामनिर्देशन म्हणतात. बोलीत सारेच जण नॉमिनी म्हणतात. हे नाव पॉलिसीची मुदत पूर्ण होण्यापूर्वी केव्हाही रद्द करता येते किंवा बदलता येते. बदल पॉलिसीवरील पृष्ठांकनाने होतो, मृत्युपत्रानेही होऊ शकतो. परंतु त्याची लेखी सूचना विमा कंपनीकडे पोहोचून तिच्या दप्तरी नोंदविली जाणे यालाच खरे महत्त्व आहे. तशी सूचना न मिळता कंपनीने दप्तरातील जुन्या नावाच्या व्यक्तीस सद्भावनेने पैसे दिले, तर कंपनीची जबाबदारी संपली. ट्रंकेत जपून ठेवलेले मृत्युपत्र नंतर कोणी बाहेर काढले, तरी कंपनीकडून दुसऱ्यांदा पैसे मागता येत नाहीत. प्रतिनिधीच्या कानावर घातले होते, हे म्हणणेही तेथे उपयोगी पडत नाही.

बदल नोंदविल्याची लेखी पोच देणे कंपनीवर बंधनकारक आहे. जुन्या कायद्यात या नोंदीसाठी एक रुपयापेक्षा अधिक फी घेता येत नसे, एवढ्यावरून हे काम किती साधे मानले गेले होते ते दिसते. ते आजही साधेच आहे. बदलाचा छापील अर्ज, विमेदाराची व साक्षीदाराची सही, मूळ पॉलिसी, ओळखीचा पुरावा आणि नव्या व्यक्तीचे नाव, नाते, वय व पत्ता, यापलीकडे त्यात फारसे काही नाही. जुन्या नावाच्या व्यक्तीची संमती लागत नाही. तिला कळविणेही आवश्यक नाही.

येथेच फेरफार आणि नामनिर्देशन यांतील फरक ध्यानी घ्यावयास हवा. सातबाऱ्यावरील वारसनोंद माणूस गेल्यावर होते. विम्यातील नाव माणूस गेल्यावर कोणालाच बदलता येत नाही. पत्नीला नाही, वडिलांना नाही, कार्यालयातील अधिकाऱ्यालाही नाही. जमिनीच्या नोंदीत संबंधितांना हरकत घेण्याची संधी असते. विम्याच्या नोंदीत सर्व अधिकार एकट्या विमेदाराचा, आणि म्हणून सर्व जबाबदारीही त्याचीच.

नाव कोणाचे, पैसा कोणाचा

फेरफाराशी असलेले साम्यही तितकेच महत्त्वाचे होते. सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही, हे तत्त्व महसुली कामकाजात पूर्वीपासून मान्य आहे. ६ डिसेंबर १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत जवळपास असेच तत्त्व सांगितले. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यातील मृत विमेदाराच्या प्रत्येकी दहा हजार रुपयांच्या दोन पॉलिसी होत्या आणि दोहोंवर पत्नीचे नाव होते. मागे आई, पत्नी व मुलगा असे तिघे वारस होते. न्यायालयाने निर्णय दिला, की नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ रक्कम स्वीकारणारी असते. रकमेवरील हक्क वारसा कायद्याप्रमाणे वारसांचा. तिघांनाही एकेक तृतीयांश हिस्सा मिळाला. नाव चुकीचे वा जुने राहिले तरी वारसांना दाद मागण्याची वाट यामुळे मोकळी राहिली. ती वाट दिवाणी न्यायालयातून जाणारी, खर्चाची आणि घरात वैर निर्माण करणारी होती, ही गोष्ट वेगळी; पण ती होती.

२००४ साली विधी आयोगाने आपल्या १९० व्या अहवालात, केवळ रक्कम स्वीकारणारा नॉमिनी आणि लाभाचा खरा धनी असलेला नॉमिनी यांत भेद करावा, अशी शिफारस केली. पुढे २०१५ च्या दुरुस्ती अधिनियमाने कलम ३९ मध्ये नवे पोटकलम आले. विमेदाराने आपले आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांपैकी कोणाचे नामनिर्देशन केले असेल, तर ती व्यक्ती त्या रकमेची लाभाधिकारी होईल, असे ते पोटकलम म्हणते. असा हक्क देण्याचा विमेदारास अधिकारच नव्हता असे सिद्ध झाले तर गोष्ट निराळी. ही तरतूद २६ डिसेंबर २०१४ नंतर ज्यांची रक्कम देय झाली, त्या सर्व पॉलिसींना लागू आहे. पॉलिसी १९९५ ची असली तरी तिला यातून सूट नाही. भाऊ, बहीण, पुतण्या, मेहुणा यांची नावे मात्र या यादीत नाहीत. त्यांच्याबाबत रक्कम स्वीकारण्यापुरताच अधिकार उरतो.

या बदलाचा हेतू चांगलाच होता. पत्नीचे नाव असताना तिला दीर आणि सासऱ्यांच्या दाव्यांशी झगडावे लागू नये, हा विचार त्यामागे दिसतो. पण ज्या घरात नाव बदलायचे राहून गेले, त्या घरात याच तरतुदीची धार उलट बाजूने लागते. समजा, वर सांगितलेल्या खाणकामगाराचा अपघाती मृत्यू झाला. मागे पत्नी, दोन लहान मुले, आई व वडील आहेत. आणि पॉलिसीवर लग्नापूर्वी लिहिलेले वडिलांचे नाव आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली व आई येतात. वडील दुसऱ्या वर्गात येतात. म्हणजे पहिल्या वर्गातील कोणी हयात असेतो वडिलांना वारस म्हणून काहीच मिळत नाही. १९८३ च्या निर्णयाप्रमाणे पाहिले तर वडिलांनी रक्कम घेऊन ती सून, नातवंडे व स्वतःची पत्नी यांच्या स्वाधीन करावयाची. २०१५ च्या पोटकलमाचे शब्द सरळ वाचले तर सगळी रक्कम वडिलांचीच. एका न बदललेल्या नावामुळे केवढे हे अंतर! बहुतेक वडील नातवंडांच्या तोंडचा घास घेणार नाहीत, हे खरे. तथापि सून माहेरी गेली, धाकट्या मुलाचे लग्न काढले, घरावर कर्ज असले, की चांगल्या घरांतही मने बदलतात, आणि कायद्याला मने पाहता येत नाहीत.

या शब्दांचा अर्थ न्यायालयात कसा लागेल, याविषयीही निश्चिंत राहता येत नाही. २०२५ साली कर्नाटक उच्च न्यायालयापुढे नेमके असेच प्रकरण आले. विमेदाराने लग्नापूर्वी आईचे नाव लिहिले होते. लग्न झाले, मूल झाले, नाव तसेच राहिले आणि २०१९ साली त्याचा मृत्यू झाला. एकीकडे आई, दुसरीकडे विधवा पत्नी व अजाण मूल. नवे पोटकलम वारसा कायद्यावर मात करीत नाही, वारसांनी हक्क सांगितल्यास नॉमिनीला त्यांच्यापुढे माघार घ्यावी लागेल, असा निर्णय त्या न्यायालयाने देऊन तिघांना समान हिस्से दिले. कंपनीचे समभाग आणि म्युच्युअल फंड यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही १४ डिसेंबर २०२३ रोजी, साळगावकर कुटुंबाच्या मुंबईतून गेलेल्या प्रकरणात, नामनिर्देशनाने वारसाहक्क बाजूला सारला जात नाही असेच सांगितले आहे. मात्र तो निर्णय कंपनी कायद्याखालचा, विम्याच्या या पोटकलमावरचा नव्हे. सांगण्याचा हेतू एवढाच, की मृत्यूनंतर पाच-सहा वर्षांनी आपला वाटा किती हे न्यायालयाकडून ऐकावे लागणे, यात जिंकलेल्या विधवेचेही नुकसानच आहे. विमा काढला होता तो तेराव्यानंतरच्या पहिल्या महिन्यासाठी.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. गोंड, कोलाम आदी अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे तसे ठरविल्याशिवाय, हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू होत नाही. त्यांचा वारसा रूढीप्रमाणे ठरतो. मुस्लिम कुटुंबांचा वारसा कायदा वेगळा. वारस कोण, या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात रूढीच्या पुराव्यावर अवलंबून आहे, त्या घरात पॉलिसीवर योग्य नाव असण्याचे महत्त्व अधिकच आहे.

नोकरदारांच्या मनात एक गैरसमज घर करून असतो आणि त्याला कारणही आहे. कुटुंब नसताना कर्मचाऱ्याने उपदानासाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, कोणाचे नाव दिले असेल आणि पुढे त्याला कुटुंब झाले, तर ते नाव आपोआप निष्प्रभ होते व नवे द्यावे लागते. १९७२ च्या उपदान अधिनियमात हा नियम होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीची १९५२ ची योजनाही याच विचाराने चालली. त्यामुळे लग्नानंतर आस्थापना शाखेत एक अर्ज भरून दिला, की सारे कागद सुधारले, असे कामगाराला वाटते. आयुर्विम्यात असा आपोआप बदल नाही. लग्नाने जुने नाव जात नाही. घटस्फोटानेही जात नाही. ज्या संसाराचा कायदेशीर शेवट झाला, त्यातील जोडीदाराचे नाव पॉलिसीवर पुढे कित्येक वर्षे राहू शकते. एकाच पगारपत्रकातून कापल्या जाणाऱ्या दोन रकमांना दोन निराळे नियम लागू आहेत, ही गोष्ट कामगार संघटनांनी आपल्या सभासदांना वारंवार सांगण्याजोगी आहे.

काही प्रकारच्या पॉलिसी मात्र बदलाच्या पलीकडच्या असतात. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या अधिनियमाच्या कलम ६ खाली विवाहित पुरुषाने पत्नीच्या, किंवा पत्नी व मुलांच्या लाभासाठी म्हणून पॉलिसी घेतली आणि तसे पॉलिसीवरच नमूद असले, तर तो एक विश्वस्तनिधी होतो. त्यावर पतीचा ताबा राहत नाही आणि त्याच्या धनकोंनाही त्यावर हात टाकता येत नाही. अशा पॉलिसीला कलम ३९ लागू नाही. लाभार्थी मनात आले म्हणून बदलता येत नाहीत. कर्जाचा बोजा ज्यांच्या डोक्यावर कायम असतो, त्या व्यापारी व शेतकरी कुटुंबांनी पॉलिसी घेतानाच याचा विचार करावा हे बरे. एकदा साधी पॉलिसी निघाली, की ही संधी त्या पॉलिसीपुरती गेली.

पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढणारेही येथे पुष्कळ आहेत. पॉलिसी दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित केली, की नामनिर्देशन रद्द होते, हा जुना नियम. परंतु ज्या कंपनीची पॉलिसी तिच्याकडूनच कर्ज घेतले, किंवा २०१५ च्या दुरुस्तीनंतर बँक वा पतसंस्थेने दिलेल्या कर्जापोटी पॉलिसी तिच्या नावे केली, तर नाव रद्द होत नाही. कर्जाची बाकी आधी वळती होते आणि उरलेल्या रकमेवर नॉमिनीचा हक्क राहतो. नॉमिनी विमेदाराच्या आधीच मरण पावला असेल आणि दुसरे नाव नसेल, तर रक्कम वारसांकडे किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळविणाऱ्याकडे जाते. ते प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून आणावे लागते. वृद्ध आईचे नाव ठेवून ती गेल्यावर नवे नाव न लिहिणाऱ्यांची घरे याच रांगेत उभी राहतात.

मुलांची नावे लिहिताना ती अठरा वर्षांखालील असतील, तर त्यांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती नेमावी लागते. ही निवड घाईत करण्याची नव्हे. मूल सज्ञान होईपर्यंत ते पैसे कोणाच्या हाती राहणार, याचा तो निर्णय असतो.

स्त्रियांच्या बाबतीत महाराष्ट्रात एक वेगळीच अडचण आहे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे तर मधले नावही बदलते, कित्येक घरांत पहिले नावसुद्धा बदलण्याची रीत आहे. पॉलिसीवर माहेरचे नाव, बँकेच्या पासबुकावर सासरचे, आधारपत्रावर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले, अशी स्थिती असली, की योग्य व्यक्ती समोर उभी असूनही पैसे अडतात. नोकरी करणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांच्या स्वतःच्या पॉलिसींचाही प्रश्न आहेच. तेथे लग्नापूर्वी लिहिलेले आईचे नाव राहते. पतीचे नाव लावावे, मुलांचे लावावे, की वृद्ध आईचेच ठेवावे, हा निर्णय त्या विमेदार स्त्रीचाच आहे; तो घरातील इतरांनी तिच्या वतीने घ्यावयाचा नाही.

नाव बदलण्यात संकोच असतो, हे मान्य केले पाहिजे. वडिलांनी जमीन दिली म्हणून खाणीत नोकरी लागली; त्यांचेच नाव काढून बायकोचे लावायचे, हे त्यांना कळले तर काय वाटेल, या विचाराने अनेक मुलगे अर्ज भरत नाहीत. पण कायद्याने एकच नाव लिहिण्याची सक्ती केलेली नाही. पत्नी, मुले व आईवडील यांची नावे हिश्शासह एकत्र लिहिता येतात. वडिलांना अर्धा, पत्नीला अर्धा, असे लिहिणाऱ्याने कोणालाच घराबाहेर काढलेले नसते. उलट वडिलांशी ही गोष्ट मोकळेपणाने बोलून, त्यांच्याच समोर अर्ज भरणाऱ्या मुलाच्या घरात पुढे कज्जा होण्याचा संभव कमी असतो.

आयुर्विमा म्हणजे महामंडळाची पॉलिसी एवढाच अर्थ आता उरलेला नाही, हेही नमूद करणे जरूर आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला हप्ता कापला जातो (१ जून २०२२ पासून तो ४३६ रुपये आहे) आणि विमेदाराच्या मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळतात. शेतमजूर आणि लहान शेतकरी यांच्यापैकी अनेकांचा हा एकमेव विमा. त्याचा नॉमिनी योजनेच्या नोंदणी अर्जात लिहिलेला असतो आणि बँक खात्याचा नॉमिनी वेगळ्या कागदावर असतो. एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. ज्या शाखेत खाते आहे, तेथे पासबुक घेऊन जावे आणि दोन्ही नावे कोणाची आहेत एवढे विचारावे. उत्तर ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटेल.

महामंडळाच्या किंवा अन्य कंपनीच्या पॉलिसीबाबत, जी शाखा ती पॉलिसी सांभाळते तेथे अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा आणि नोंद झाल्याची लेखी पोच येईपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये. पोच आली, की ती मूळ पॉलिसीलाच टाचून ठेवावी, आणि तो कागद घरात कोठे आहे हे ज्याचे नाव लिहिले त्या व्यक्तीला दाखवून ठेवावे.